त्या बसमधल्या मुलाचं कौतुक करायचं का?

तुझ्या धाकट्या भावानं लॅपटॉपवर त्या हिरव्या-पांढऱ्या मोडक्या बसचा फोटो लावला आणि तुझी झोप उडाली. त्यात परवा जेवताना त्यानं जाहीर केलं की कॅम्पसमधून मिळालेली नोकरी घेणार नाही, सहा महिने एकटाच हिमालयात भटकणार. आता आई तुझ्याकडे बघतेय, बाबा तुझ्याकडे बघतायत, 'तुझं ऐकतो तो, तूच सांग.' मोठ्या बहिणीचं हे असंच असतं गं. घरातल्या प्रत्येक भांडणात वकील आपणच, आणि तेही दोन्ही बाजूंचे. वर तू मला विचारतेस, "ताई, तो मुलगा खरंच एवढा कौतुकाचा होता का? की सरळ मूर्ख होता म्हणून सांगून टाकू?"

सांगून टाकू नकोस. 'मूर्ख' म्हटलंस की तो खोलीचं दार लावून घेईल आणि पुढचं बोलणंच संपेल. शिवाय ते खरंही नाही. तू त्याच्यावरचा सिनेमा अर्धाच पाहिलायस, तेवढ्या भांडवलावर वाद घालायला गेलीस तर तो दुसऱ्याच मिनिटाला तुला गप्प बसवेल. म्हणून आधी सगळं नीट ऐकून घे.

तर ख्रिस मॅकँडलेस. जन्म १९६८चा, वाढला अमेरिकेतल्या व्हर्जिनियात. वडील इंजिनिअर, घर खाऊनपिऊन सुखी. १९९०च्या मे महिन्यात अटलांटाच्या एमरी विद्यापीठातून पदवी घेतली, शिल्लक असलेले सुमारे २४ हजार डॉलर ऑक्सफॅमला देऊन टाकले आणि जुनी पिवळी डॅटसन गाडी घेऊन निघाला तो निघालाच. घरी पत्ता नाही, फोन नाही. लेक मीडजवळ अचानक आलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर ती तिथंच सोडली आणि जवळच्या नोटा जाळल्या. नवं नाव घेतलं, अलेक्झांडर सुपरट्रॅम्प. मग दोन वर्षं कधी पायी, कधी कुणाच्या गाडीत, कधी मालगाडीत चढून, एकदा तर लहानशा होडीतून कोलोरॅडो नदीनं खाली मेक्सिकोपर्यंत. १९९२च्या एप्रिलअखेर अलास्कातल्या हीली गावाजवळून स्टॅम्पीड ट्रेल नावाच्या वाटेनं रानात शिरला. ऑगस्टमध्ये तिथंच, टाकून दिलेल्या एका बसमध्ये, उपासमारीनं गेला. सप्टेंबरात शिकाऱ्यांना सापडला तेव्हा वजन जेमतेम ३० किलो होतं. वय २४.

जॉन क्राकौरनं त्याच्यावर 'आउटसाइड' मासिकात लेख लिहिला, १९९६मध्ये पुस्तक काढलं, २००७मध्ये शॉन पेननं सिनेमा केला. तुझ्या भावाला भेटलाय तो सिनेमातला ख्रिस. देखणा, हसरा, आणि मागे गिटार. गिटार मागे वाजत असली ना, तर मलासुद्धा भांडी घासणं महान काम वाटेल!

पण थट्टा पुरे. त्या मुलात आवडावं असं पुष्कळ होतं, आणि ते तू भावाजवळ आधी कबूल कर. शाळेत असताना शुक्रवार-शनिवारी रात्री बाकीची पोरं पार्ट्यांना जायची, तेव्हा हा वॉशिंग्टनच्या रस्त्यांवरच्या बेघर लोकांना हॅम्बर्गर विकत घेऊन वाटायचा. एकदा तर अशा एका माणसाला घरी आणून आईवडिलांच्या नकळत त्यांच्या उभ्या ट्रेलरमध्ये ठेवलं होतं. कल्पना कर, तुझ्या आईला पार्किंगमध्ये असं कुणी सापडलं असतं तर! साउथ डकोटातल्या कार्थेज गावात वेन वेस्टरबर्गच्या धान्यकोठारावर त्यानं काम केलं, तेही सडलेलं धान्य उपसण्यासारखं, ज्याला दुसरं कुणी हात लावत नाही. अंग चोरणारा तो मुलगा नव्हता. पैसा माणसाला बिघडवतो असं म्हणायचा आणि खरंच पैसा ठेवायचा नाही. असं बोलणारे आपल्या ओळखीत किती आहेत, आणि त्यांतल्या कितीजणांच्या नावावर दोन-दोन फ्लॅट आहेत, ते तूच मोज. बोलणं आणि वागणं एक असणं ही लहान गोष्ट नाही गं. तुझ्या भावाला तेच भिडलंय. त्याची निवड वाईट नाहीये, बघ.

आता पोटापाण्याचं बघू, कारण त्या गोष्टीत माझा जीव सगळ्यात जास्त तिथंच अडकतो. तो रानात शिरला तेव्हा त्याच्याकडे साडेचार किलोच्या आसपास तांदूळ, एक लहान बंदूक आणि पिशवीभर पुस्तकं होती. साडेचार किलो तांदूळ! तुमच्या घरात किती दिवस पुरतात ते सांग मला. बाकी सगळं शिकार आणि रानातली कंदमुळं यांवर. ९ जूनला त्यानं एक मूस मारला. मूस म्हणजे हरणाच्या जातीतला, पण घोड्याएवढा प्राणी. नंतर अलास्कातले काही जाणते लोक हसले, म्हणाले, त्या पोराला मूस आणि कॅरिबू यांतला फरकही कळला नाही. पण फोटो नीट तपासले तेव्हा तो मूसच निघाला. म्हणजे पोराचं बरोबर होतं, हसणाऱ्यांचं चूक. हे भावाला जरूर सांग, तू खोटी बाजू घेत नाहीस हे त्याला कळेल.

पण मांस टिकवता आलं नाही. साउथ डकोटातल्या शिकाऱ्यांनी त्याला धूर द्यायला सांगितलं होतं. अलास्कातल्या दमट, माश्यांनी भरलेल्या उन्हाळ्यात त्या पद्धतीचा उपयोग नव्हता. तिथले लोक मांसाच्या पातळ पट्ट्या काढून वाऱ्यावर वाळवतात. आपलं वाळवण असतं ना, तसंच की. चकती जाड ठेवली की आतून ओल राहते, आणि माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या सांडग्यांना काय झालं ते सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात. माझे फक्त सांडगे गेले. त्याच्या मांसात पाच दिवसांत अळ्या पडल्या आणि अख्खा प्राणी लांडग्यांसाठी सोडून द्यावा लागला. वहीत त्यानं लिहिलंय की तो जीव मारायलाच नको होता. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथं चूक लपवायला कुणी नव्हतं, दाखवायलाही कुणी नव्हतं, तरी पोरगा कळवळला.

शेवटी तो रानबटाट्याच्या बियांवर आला. त्या बियांनी विषबाधा झाली की नुसती उपासमार, यावर अजून वाद चालतो. क्राकौरनं मध्ये एकदा असंही मांडलं की त्यात आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या डाळीत असतं तेच द्रव्य असावं. पुढच्या तपासणीत भलतंच निघालं. तुझ्या भावाला या वादात तासन्‌तास रमता येईल, तू त्यात शिरू नकोस. बी विषारी असो नसो, मुलगा त्याआधीच हाडांवर आला होता.

सिनेमा बघून उठणारी मुलं एक गोष्ट हमखास विसरतात. ख्रिस परत निघाला होता. ३ जुलैला त्यानं सामान बांधलं आणि आल्या वाटेनं चालू लागला. दोन महिने रानात काढून झाले होते, हौस फिटली होती, कदाचित कुणाची तरी आठवण येत होती. त्याच्या शेवटच्या काळातल्या एका टिपणात, सुख वाटून घेतलं तरच खरं, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलंय. तर दोन दिवसांनी तो टेक्लानिका नदीशी पोचला. एप्रिलात सहज ओलांडलेली ती नदी जुलैत हिमनद्यांच्या वितळलेल्या पाण्यानं दुथडी भरून, गढूळ होऊन धावत होती. पाण्याची त्याला आधीपासून भीती. तो मागे फिरला, बसमध्ये परत गेला.

आणि तिथून मैलभराच्या आत, खालच्या अंगाला, नदीचं पाणी मोजणाऱ्यांनी बांधलेली तार होती, तिच्यावर पाळणा होता. नकाशात ते ठिकाण दाखवलेलं होतं. याच्याकडे नकाशाच नव्हता. त्याला तो नको होता गं, मुद्दाम नको होता, कारण नकाशा असला की रान अनोळखी कसं राहणार! मला हे वाचताना त्या पोराला दंडाला धरून हलवावंसं वाटतं. अरे, नकाशा घडी करून पिशवीच्या तळाशी ठेव, बघू नकोस, पण असू दे ना.

मग माझं म्हणणं काय? माझं भांडण नकाशाशी नाही. चोविसाव्या वर्षी नकाशा विसरणारे, पाणी विसरणारे, टॉर्चमध्ये सेल न घालणारे शेकड्यांनी असतात आणि त्यांतले बहुतेक घरी येऊन जेवतात. माझं भांडण त्या 'एकटा' या गोष्टीशी आहे. कारण तो कधीच एकट्याच्या जोरावर जगला नाही.

बघ ना. त्याला रानाच्या तोंडाशी सोडलं ते जिम गॅलियन नावाच्या इलेक्ट्रिशियननं. वाटेत तो सारखं समजावत होता, चल, अँकरेजला नेतो, नीट सामान घेऊन देतो. ऐकेना, तेव्हा त्यानं स्वतःचे रबरी बूट दिले आणि बायकोनं दुपारसाठी बांधून दिलेली सँडविचं दिली. एका अनोळखी बाईच्या हातचा डबा खात ख्रिस रानात गेला, हे त्या लॅपटॉपवरच्या फोटोत दिसत नाही. ती बस तरी काय! १९६१च्या सुमाराला रस्त्याचं काम करणाऱ्या कंपनीनं मजुरांच्या मुक्कामासाठी ओढत नेलेली, बिछाने आणि शेगडी बसवलेली. वेस्टरबर्गनं काम दिलं, घर दिलं, आणि अलास्कापर्यंतचं विमानाचं तिकीट काढून देतो म्हणाला. तेवढं मात्र त्यानं नाकारलं, कारण उडत जाणं म्हणजे फसवणूक.

आणि तो म्हातारा. क्राकौरनं त्याचं नाव बदलून रॉन फ्रान्झ ठेवलंय. ऐंशीच्या घरातला, बायको आणि एकुलता मुलगा अपघातात गेलेले, कातडीकाम करणारा. ख्रिसनं त्याच्याकडून काम शिकून एक सुंदर पट्टा बनवला. म्हाताऱ्याला इतका लळा लागला की तो म्हणाला, मला तुला दत्तक घेऊ दे. ख्रिस म्हणाला, अलास्काहून आल्यावर बोलू. आणि नंतर पत्र पाठवलं, त्यात उपदेश, की घर सोड, रस्त्यावर ये, असं सुरक्षित जगू नकोस. म्हाताऱ्यानं ऐकलं. सामान गुदामात टाकलं आणि वाळवंटात ख्रिसच्याच जुन्या मुक्कामाच्या जागी राहायला गेला, त्याची वाट बघत. मृत्यूची बातमी कळल्यावर त्यानं देव सोडला, आणि किती वर्षांनी दारू हातात घेतली.

कौतुक करायचं की नाही हे मी इथं ठरवते. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी ऐंशीच्या माणसाला जगायचं कसं ते शिकवणं, हा पोरकटपणा आहे, आणि तो मी माफ करते, कारण त्या वयात आपल्यालाही सगळं कळत असतं. पण लोकांकडून माया घ्यायची आणि ती जड व्हायला लागली की निघून जायचं, याला मी स्वातंत्र्य म्हणणार नाही. त्याच्या पिशवीत वजन कमी होतं कारण बरंचसं त्यानं दुसऱ्यांच्या खांद्यावर ठेवलं होतं.

त्याची बाजूही आहे, ती सोडून चालणार नाही. त्याची धाकटी बहीण कॅरीन. दोघांचं फार गूळपीठ. तिनं २०१४मध्ये स्वतःचं पुस्तक लिहिलं आणि सांगितलं की घरात मारहाण होती, वडिलांचा आधीचा संसार आणि हा संसार एकाच वेळी चालू होते, आणि भाऊ पळाला तो उगाच नाही. आईवडिलांना तिचं पुस्तक मान्य नाही. चार भिंतींतलं आपल्याला काय ठाऊक! पण एवढं कळतं की 'सुखी घर लाथाडून गेलेला माजोरडा' ही अलास्कातल्या काहींनी रंगवलेली गोष्टसुद्धा अपुरी आहे. काही मुलं घरातून निघतात कारण घरात श्वास घेता येत नाही. तुमच्या घरात तसं नाही, हे मला माहीत आहे, बाबांचा आवाज चढतो तेवढाच. पण तू भावाला एकदा विचार, तुला कुठं जायचंय की इथून फक्त निघायचंय? उत्तर लगेच येणार नाही. घाई करू नकोस. जेवण वाढताना विचारू नकोस, आई दाराआडून ऐकत असते. गाडीवर बस त्याच्या मागे आणि विचार. तोंड दिसत नसलं की मुलगे बरं बोलतात.

त्या कॅरीनचं मला राहून राहून वाटतं. आईवडिलांशी बोलायचं नव्हतं, कबूल. पण बहिणीलाही दोन वर्षांत एक ओळ नाही? ती तर त्याच्या बाजूची होती. सगळ्या चाहत्यांनी हा एक प्रश्न स्वतःला विचारावा, असं मला वाटतं.

आणि आई. मुलगा गेल्यानंतर पुढच्या उन्हाळ्यात आईवडील हेलिकॉप्टरनं त्या बसपाशी गेले. आईनं तिथं एक सूटकेस ठेवली. आत औषधपाणी, डबाबंद खाणं, रानात लागणारं सामान आणि एक चिठ्ठी, की इथं जो कुणी येशील, त्यानं लवकरात लवकर आपल्या आईवडिलांना फोन कर. मी हे वाचून चहा गॅसवर विसरले होते.

आले की गं लोक, रांगेनं आले. दोन मुली तर नदी ओलांडताना बुडाल्या, २०१०मध्ये एक स्विस, २०१९मध्ये एक बेलारूसची, नुकतंच लग्न झालेली. २००९ ते २०१७ या काळात बसकडे निघालेल्यांसाठी १५ बचाव मोहिमा काढाव्या लागल्या. शेवटी १८ जून २०२० रोजी नॅशनल गार्डनं चिनूक हेलिकॉप्टरनं ती बसच उचलून नेली. आता ती फेअरबँक्सच्या विद्यापीठाच्या संग्रहालयाकडे आहे. तेव्हा भावाच्या लॅपटॉपवरची जागा आता रिकामी आहे, त्याला माहीत नसेल तर सांग.

बरं, तू काय करायचंस ते ऐक, आणि उगाच मान डोलावू नकोस, लिहून घे.

त्याला नाही म्हणू नकोस. 'नाही' म्हणण्याचा अधिकार तुला नाहीये आणि तो मोठा झालाय. त्याला म्हण, रानच हवं असेल तर रान शिकून घे. उत्तरकाशीला नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग आहे, १९६५पासूनची संस्था. तिथं २८ दिवसांचा बेसिक कोर्स असतो, दोर, बर्फ, उंचीचा त्रास, सगळं अंगावर येतं. जागा लवकर भरतात, म्हणून फॉर्म आजच बघा. तो 'मला कोर्स नको, अनुभव हवा' म्हणाला, तर मग मात्र त्याच्या मनात नक्की काय आहे याची काळजी कर.

दुसरं, नदी. हिमालयात असो की अलास्कात, बर्फाच्या पाण्याचा ओढा पहाटे सगळ्यात कमी असतो आणि ऊन चढत जाईल तसा फुगतो. दुपारी अडलास तर तंबू ठोक, सकाळी बघ. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात उलटं, वर कुठं ढग फुटला की खाली ओढा मिनिटांत चढतो, तेव्हा थांबायचं, दोरी धरून हिरोगिरी करायची नाही. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची पोरं रात्री-अपरात्री दरीत उतरून लोकांना वर काढतात. त्यांनाही घरी आया आहेत, हे त्याला ऐकव.

तिसरं, एक कागद. कुठून निघणार, कुठल्या वाटेनं, कुठल्या तारखेला बाहेर येणार, आणि त्या तारखेनंतर किती तासांनी शोध सुरू करायचा. खाली सही. एक प्रत तुझ्याकडे, एक तिथल्या मुक्कामाच्या गावात. फोनला रेंज नसते हे मान्य, पण कागदाला रेंज लागत नाही. ख्रिसनं एवढा एक कागद कॅरीनला पाठवला असता, तर जुलैत कुणीतरी नदीपलीकडे उभं असतं. तो हे ऐकून चिडेल. चिडू दे.

आणि कौतुकाचं म्हणशील, तर त्याला करू दे की. तुझ्या भावाला त्या मुलाचं प्रामाणिकपण आवडलं, हॅम्बर्गर वाटणं आवडलं, कष्ट आवडले, तर त्यासाठी जंगलात जावंच लागतं असं थोडंच आहे? तुमच्या गल्लीच्या टोकाला रात्री झोपणारी माणसं आहेत, शुक्रवार-शनिवारही दर आठवड्याला येतात. हे मात्र टोमणा मारल्यासारखं म्हणू नकोस हं, तुझा आवाज लगेच शाळेच्या बाईंसारखा होतो.

तू एकटीनं हे सगळं निस्तरायचं नाहीयेस. बाबांना दोन दिवस गप्प बसायला सांग, नोकरीचा विषय काढायचा नाही. कंपनीला उत्तर द्यायची शेवटची तारीख कुठली ते आधी बघून घे, कदाचित जॉइनिंग पुढं ढकलता येईल, विचारायला काय जातं? कोर्सला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, त्याला या शनिवारी घेऊन जा, रक्त तपासून होईल, आईलाही बरं वाटेल. काकूंशी मी बोलते. उद्या दुपारी, त्यांची मालिका संपल्यावर फोन करते.